चबुतऱ्यावर चढवलेली विमाने

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ ला निरोप देण्यात आला. १९६३ साली भारतीय हवाई दलात दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे सेवेत राहिले. या जातीची शेकडो विमाने नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. एखाद्या जातीची विमाने सेवेतून बाद झाली की त्यांचे सांगाडे मागणाऱ्यांची रांग लागते. महापालिका, नगरपरिषदा, सैनिकी शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि चौक सुशोभित करायला निघालेल्या समित्या, सगळेच त्या रांगेत असतात. या मागणीत वावगे काही नाही. लढाऊ विमान अगदी जवळून बघण्याची संधी खेड्यापाड्यातल्या मुलाला एरवी कुठे मिळणार? प्रश्न पुढचा आहे. विमान आले, चबुतरा झाला, फीत कापली गेली. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्या विमानाचे काय होते, ते कशामुळे होते आणि ते किती प्रमाणात टाळता येते, याचा विचार येथे करायचा आहे.

उघड्यावरचे विमान ऊन-पावसाने खराब होते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ऊन-पाऊस त्याने सेवेतही सोसलेलाच असतो. मात्र सेवेत असताना प्रत्येक उड्डाणाच्या आधी आणि नंतर तंत्रज्ञ त्याच्याभोवती फिरतो, झाकणे उघडून बघतो, नोंदवहीत सही करतो. ठरावीक तासांनी छोटी तपासणी होते, ठरावीक वर्षांनी सगळे उतरवून मोठी. निवृत्तीच्या दिवशी ती नोंदवही मिटते, हवामान मात्र आपले काम बंद करत नाही. चबुतऱ्यावर चढवताच आपण विमानाला पुतळा समजू लागतो. वर्षातून दोनदा हार घालावा, चार वर्षांनी रंग द्यावा, बाकी काही करायची गरज नाही, असा हिशेब असतो. भरीव दगडाच्या किंवा जाड ब्राँझच्या पुतळ्याला हे पुष्कळदा चालून जाते. विमान आतून पोकळ असते. त्याची कातडी एक-दोन मिलिमीटर जाडीची असते, ती हजारो रिव्हेटांनी सांगाड्याला जोडलेली असते आणि त्यात पाच-सहा वेगवेगळे धातू, रबर, काच, प्लास्टिक, तारा एकमेकांना चिकटून बसलेले असतात. उडत नसले तरी ते यंत्रच आहे. त्याला यंत्राचीच देखभाल हवी, हा या लेखाचा मुख्य मुद्दा.

धातू आतून कसा जातो

विमानाचा पत्रा म्हणजे निव्वळ ॲल्युमिनियम नव्हे. शुद्ध ॲल्युमिनियम गंजाला चांगले तोंड देते, पण ते मऊ असते. ताकद यावी म्हणून त्यात तांबे किंवा जस्त मिसळतात. पाश्चात्त्य विमानांतल्या २०२४ या मिश्रधातूत सुमारे चार टक्के तांबे असते. रशियन विमानांतला डी-१६ हा त्याचाच भाऊबंद. ताकद तर वाढते, पण तांब्याचे सूक्ष्म कण धातूच्या आत आपल्या शेजारच्या ॲल्युमिनियमशी छोट्या विजेरीसारखे वागतात. पाणी आणि मीठ मिळाले की कणाभोवतीचा धातू विरघळू लागतो. वरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत कणांच्या सीमारेषांवरून गंज पसरत जातो. शेवटी पत्र्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पत्र्यावर बोट दाबले तर तो आत दबतो, असा अनुभव येतो.

हे टाळण्यासाठी कारखान्यातच अशा पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. हा थर किती पातळ, तर एका बाजूला पत्र्याच्या जाडीच्या जेमतेम पाच टक्के. म्हणजे एक मिलिमीटरच्या पत्र्यावर मिलिमीटरचा विसावा हिस्सा. चमक यावी म्हणून कोणी ग्राइंडरवर बफ लावून किंवा पॉलिश पेपरने जोरात घासले, तर विमानाचे एकमेव कवच एका दुपारी निघून जाते. हौशी मंडळींच्या हातून घडणारे सर्वांत मोठे नुकसान बहुधा हेच असावे, आणि ते प्रेमापोटी होते.

दुसरे कारण धातूंच्या शेजारपणाचे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असतो. चाकांच्या आणि गिअरपेट्यांच्या ओतीव भागांत मॅग्नेशियम असते. ओल मिळाली की यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा शाबूत राहतो. मॅग्नेशियमची अवस्था सर्वांत वाईट. त्याची पांढरी भुकटी होते. चबुतऱ्याला विमान घट्ट बसावे म्हणून लोखंडी अँगल थेट ॲल्युमिनियमच्या पोटावर बोल्टने आवळण्याची पद्धत आहे. मध्ये रबराची किंवा नायलॉनची पट्टी नसेल तर त्या जागी गंज कायमचा मुक्कामाला येतो. उष्णतेचाही हिशेब असतो. ॲल्युमिनियम एका अंशाला दहा लाखांत सुमारे तेवीस भाग वाढते. पंधरा मीटर लांबीचा सांगाडा पहाटे आणि भर दुपारी यांच्यातल्या चाळीस अंशांच्या फरकात जवळजवळ चौदा मिलिमीटर लांबतो. लोखंडाची वाढ याच्या निम्मी. दोन टोकांना पक्के जखडलेले विमान रोज असे ताणले जाते आणि सोडले जाते. अखेर तडा जातो तो आधाराच्या ठिकाणीच.

तिसरे कारण म्हणजे साठलेले पाणी. विमानाच्या पोटाला आणि पंखांना पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती धुळीने, पानांनी, साळुंक्यांच्या घरट्यांनी बुजतात. चबुतऱ्यावर नाक आकाशाकडे करून, झेप घेत असल्याच्या ऐटीत विमान बसवले की निचऱ्याची सगळी आखणी बदलते. जमिनीवर आडवे उभे असताना जिथून पाणी वाहून जायचे तिथे आता डबके होते. कबुतरांची विष्ठा त्यात भर घालते; ती आम्लधर्मी असते आणि ओल धरून ठेवते. हवा घेणारे पुढचे तोंड आणि मागचे धुराडे बंद करायला हवेच, पण पत्रा ठोकून नव्हे. बारीक जाळी लावली तर पक्षी आत जात नाहीत आणि हवा खेळती राहते. पत्रा ठोकला की आतले दमट वातावरण आतच राहते.

सोनपेठचा हिशेब

हवामानाचा परिणाम मोजताना पावसाच्या एकूण मिलिमीटरांपेक्षा धातूचा पृष्ठभाग वर्षातले किती तास ओला असतो, याला महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय मानकात सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते ते तास ओलाव्याचे धरतात आणि त्यात हवेतले मीठ व गंधकाचे प्रमाण मिळवतात. या कसोटीवर महाराष्ट्र आणि गोवा यांचे दोन अगदी वेगळे भाग पडतात. गोव्यात बोगमाळ्याला, दाबोळी विमानतळाजवळ, नौदलाचे हवाई संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. सी हॉक, अलिझे, फायरफ्लाय, सी हॅरियर ही तिथली विमाने नौदलाच्या अर्ध्या शतकाचा इतिहास सांगतात. त्यांत सर्वांत मोठे आहे ते सुपर कॉन्स्टेलेशन. हे विमान आधी एअर इंडियाच्या प्रवाशांना नेत असे, मग हवाई दलात गेले आणि शेवटी नौदलासाठी समुद्रावर टेहळणी करू लागले. त्याच्या पंखांचा पसारा साडेसदतीस मीटरच्या आसपास आहे. त्याच्यावर छप्पर घालायचे तर मोठे हँगरच बांधावे लागेल. शेजारी समुद्र, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, चार महिने न सुकणारी हवा आणि बाराही महिने मिठाचा बारीक तुषार. उघड्यावरच्या विमानासाठी याहून कठीण जागा शोधावी लागेल, आणि तरीही नौदलाचे विमान नौदलाच्या तळाशेजारी असण्यातली संगती नाकारता येत नाही.

आता समजा, परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठच्या एखाद्या चौकात मिग-२१ आणायचे ठरले. गोदाकाठचा हा तालुका समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. वार्षिक पाऊस साधारण हजार मिलिमीटरच्या आत, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरात. मार्च ते मे हवा कोरडी, तापमान चाळीसच्या वर. अमेरिकेने आपली बाद विमाने अरिझोनाच्या वाळवंटात टुसाँनजवळ साठवली ती अशाच कोरडेपणासाठी. तेव्हा धातूच्या दृष्टीने सोनपेठ हे बोगमाळ्यापेक्षा किंवा मुंबईपेक्षा पुष्कळ सुरक्षित ठिकाण आहे. मराठवाड्याला क्वचितच असा अनुकूल हिशेब लागतो, म्हणून तो आवर्जून नोंदवतो.

पण टुसाँनची जमीन दगडासारखी टणक आहे आणि सोनपेठची काळी. कपाशीला मानवणारी ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. घरांच्या भिंतींना तिरपे तडे का जातात हे इथल्या गवंड्याला विचारावे लागत नाही. रिकाम्या मिगचे वजन साडेपाच टनांच्या आसपास असते; काँक्रीटचा चबुतरा त्याच्या कितीतरी पट जड. तो काळ्या मातीवर तसाच उभारला तर दोन-चार पावसाळ्यांत एका बाजूला कलतो, विमानाचा भार एकाच पायावर येतो आणि आधाराचे बोल्ट पिळले जातात. काळी माती खणून काढून मुरूम भरणे, किंवा खाली न फुगणाऱ्या थरापर्यंत खांब नेणे, हे खर्चाचे काम आहे आणि ते अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावे लागते. विमान येऊन उभे राहिल्यावर पाया दुरुस्त करता येत नाही.

दुसरी अडचण पाण्याची, पण पावसाच्या नव्हे. कोरड्या भागात विमानावर धूळ बसते आणि परळीचे औष्णिक वीज केंद्र फार लांब नसल्याने वाऱ्याबरोबर राखही येऊ शकते. ही धूळ हिवाळ्यातल्या पहाटेचे दव धरून ठेवते. स्वच्छ आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, त्यामुळे दव जमिनीच्या आधी विमानावर पडते, आणि पोकळ भागांच्या आतही. म्हणून विमान धुवावे लागते. मराठवाड्यातल्या अनेक बोअरचे पाणी जड आणि खारट असते. त्याने विमान धुतले तर पाणी उडून जाते आणि क्षार सांध्यांत राहतात. म्हणजे समुद्र नाही तिथे आपण हातांनी मीठ नेऊन ठेवतो. उपाय अवघड नाही. गावोगावी आता आरओचे जार मिळतात. निदान शेवटचा हात त्या पाण्याने, नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्याने द्यावा. साबण सौम्य असावा, पाणी सोडताना सर्व्हिसिंग सेंटरमधला जोराचा फवारा नसावा, कारण तो पाणी सांध्यांच्या आत ढकलतो. आणि ॲसिड असलेला कुठलाही क्लीनर विमानाच्या आसपासही नसावा. मृग लागण्याआधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, अशा वर्षातल्या दोन तपासण्या इथल्या ऋतुचक्राला पुरेशा आहेत: आधी छिद्रे मोकळी करायची, नंतर आत काय साठले ते बघायचे.

या सगळ्यापेक्षा मोठा उपाय म्हणजे छप्पर. मिग-२१ ची लांबी पंधरा मीटरच्या आसपास, पंखांचा पसारा सव्वासात मीटरांच्या आत. बाजार समितीतल्या मध्यम आकाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते सहज मावते. बाजू उघड्या ठेवल्या तरी चालेल. ऊन, थेट पाऊस आणि पहाटेचे दव एवढे अडले तरी विमानाचे आयुष्य अनेक पटींनी वाढते. चौकात उंच चढवलेल्या विमानाला ही सोय कधीच करता येत नाही, शिवाय ते धुवायला दरवेळी क्रेन किंवा पहाड लागतो. उंच खांबावरचे विमान लांबून रुबाबदार दिसते हे मान्य. पण जे हाताला लागत नाही त्याची देखभाल होत नाही, हा नियम शहरातल्या पाण्याच्या टाक्यांपासून सर्वत्र लागू आहे.

रंग, रबर आणि विष

१५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आला की रंगाचे डबे येतात. जुन्या थरावर ऑईल पेंटचा नवा थर, त्यावर पुढच्या वर्षी आणखी एक. सुटलेला रंग आणि खालचा गंज न काढता वरून दिलेला थर ओल आतच कोंडतो, आणि गंज रंगाखालून दोऱ्यासारखा सरकत जातो. पण याहून मोठे नुकसान इतिहासाचे असते. प्रत्येक विमानावर त्याचा क्रमांक असतो, स्क्वाड्रनचे चिन्ह असते, शेकडो छोट्या सूचना छापलेल्या असतात: इथे पाय ठेवू नका, इथून इंधन भरा, इथे दाब तपासा. त्याच विमानाची कामगिरी शोधून काढण्याचा एकमेव धागा म्हणजे तो क्रमांक. तो रंगाखाली गेला की विमान अनाम होते. मग फलकावर कुठल्याही युद्धातले शौर्य लिहिता येते आणि खोटे ठरवायला कोणी नसते. हवाई दलाच्या वर्तुळात केशरी मध्यभागी, मग पांढरा आणि सर्वांत बाहेर हिरवा असतो. हा क्रम उलटा रंगवला गेला तर दुरुस्त करायला माणूस लागतो आणि असा माणूस नेमलेला नसतो.

म्हणून रंग देण्यापूर्वीचे काम रंग देण्यापेक्षा महत्त्वाचे. प्रत्येक बाजूचे फोटो, प्रत्येक अक्षराचे माप, आणि एखाद्या कोपऱ्यात थरावर थर अलगद घासून खालच्या मूळ रंगांची पायरी उघडी करणे. जगातली चांगली संग्रहालये हा कोपरा मुद्दाम तसाच ठेवतात. मात्र घासण्याच्या बाबतीत सावधगिरी हवी. जुन्या विमानांवरचा पिवळट-हिरवा आतला थर हा झिंक क्रोमेटचा असतो. त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. शाळेतल्या मुलांना श्रमदान म्हणून पॉलिश पेपर वाटणे हा उपक्रम नव्हे, गुन्हा आहे.

जुन्या विमानांच्या काही तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. रेडियमचे अर्धायुष्य सोळाशे वर्षे आहे. चमक विझली तरी किरणोत्सार तसाच राहतो. अशी तबकडी फुटून तिची भुकटी हाताला लागणे घातक. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाखाली स्फोटक नळकांडी असतात. ती काढल्याचे लेखी प्रमाणपत्र असल्याशिवाय विमान स्वीकारूच नये. ब्रेकच्या काही भागांत ॲस्बेस्टॉस असू शकते. याचा अर्थ घाबरून विमान नाकारावे असा नाही. ते ताब्यात घेण्यापूर्वी हवाई दलाच्या तंत्रज्ञाकडून यादी करून घ्यावी, एवढाच.

टायरांबद्दल थोडक्यात: रबर उन्हाने तडकते, हवा जाते, विमान एका बाजूला बसते. चाकांवर भार न ठेवता आसाखाली लोखंडी घोडी देऊन विमान किंचित उचलून ठेवले की हा प्रश्न मिटतो. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक आवरण ॲक्रिलिकचे असते. उन्हाने त्यात जाळीसारख्या भेगा पडतात आणि ते दुधाळ होते. त्यावर पांढऱ्या सुती कापडाची खोळ घालावी, प्लास्टिकची नको, कारण तिच्या आत घाम धरतो.

विमान कोणाच्या नावावर

इथवरच्या सगळ्या गोष्टी तांत्रिक आहेत आणि त्यांतली एकही अशक्य नाही. तरीही उघड्यावरची विमाने जातात, कारण चबुतऱ्यावरच्या विमानाला मालक नसतो. चबुतरा एका खात्याचा, बाग दुसऱ्याची, दिवे तिसऱ्याचे. विमान हवाई दलाने दिलेले, पण देऊन झाले. खर्चाचे शीर्ष कोणते, हा प्रश्न पहिल्याच वर्षी उठतो आणि तिथेच अडकतो.

कायद्याचाही आधार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय पुरावस्तू ठरत नाही. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची सवलत आहे, यंत्रांना नाही. १९६१ साली पहिले उड्डाण केलेले मारुत या हिशेबाने २०६१ पर्यंत भंगारच. मारुत म्हणजे एचएफ-२४, भारतात आखून बांधलेले पहिले जेट लढाऊ विमान. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ते बंगळूरला घडले, सुरंजन दास यांनी १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडवले, एकूण १४७ बांधली गेली, आणि १९७१ मध्ये ती राजस्थानच्या आघाडीवर लढली. या १४७ पैकी जगात आता मोजकीच उरली. एक पुण्यात कमला नेहरू उद्यानात, एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात, आणि एक जर्मनीत, म्युनिकजवळच्या श्लाइसहाइमच्या हवाई संग्रहालयात. त्या संग्रहालयाने ते जपले, कारण टँक त्यांचे. पुणेकर मुलांनी त्यांच्या उद्यानातल्या मारुतभोवती खेळून दोन-तीन पिढ्या काढल्या. पण ते आपले, हे त्यांना कोणी सांगितले का, याची शंका वाटते. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ मध्ये उडाल्याचे सांगतात त्या तळपद्यांच्या विमानावर २०१५ मध्ये चित्रपट निघाला. त्याचा एक खिळाही शिल्लक नाही. ज्याचा प्रत्येक खिळा जागेवर आहे त्याच्यावर मात्र निघाला नाही.

मालकी विखुरली की काय होते याचे मोठे उदाहरण मुंबईनेच पाहिले. विमानवाहू विक्रांत १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाली. तिच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले होते. ती काही वर्षे तरंगते संग्रहालय होती. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ते बंद झाले. राज्य सरकारने खर्च झेपत नसल्याचे सांगितले, उच्च न्यायालयात याचिका टिकली नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वाट मोकळी केली आणि साठ कोटींना लिलावात गेलेले ते जहाज दारूखान्याजवळ तोडले गेले. पुढे तिच्या धातूचा अंश वापरून एका कंपनीने मोटारसायकल काढली, तेव्हा पुष्कळांना स्मृती जपल्यासारखे वाटले. ती जाहिरात उत्तम होती, एवढेच म्हणता येईल.

अमेरिकेतही हेच घडत होते. मेम्फिस बेल हे बी-१७ जातीचे बॉम्बफेकी विमान १९४३ मध्ये पंचवीस मोहिमा पूर्ण करून परतले आणि देशभर गाजले. १९४६ मध्ये मेम्फिस शहराने ते ३५० डॉलरला घेतले. त्यानंतर अनेक दशके ते उघड्यावर उभे होते. आठवण म्हणून लोकांनी आतली यंत्रे काढून नेली, पत्रा गंजला. फरक एवढाच की तिथे हवाई दलाने ऐतिहासिक विमानांवरचा हक्क सोडलेला नव्हता. गावाला सांभाळता येत नाही असे दिसल्यावर २००५ मध्ये त्यांनी ते डेटनच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेले, वर्षानुवर्षे काम केले आणि १७ मे २०१८ रोजी, त्याच्या चमूच्या शेवटच्या मोहिमेला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, छपराखाली मांडले. त्या संग्रहालयाची रीत अशी की विमान दान दिले जात नाही, उसने दिले जाते; दरवर्षी अवस्थेचा अहवाल द्यावा लागतो आणि तो समाधानकारक नसेल तर विमान परत जाते. आपल्याकडे नेमके हे एक कलम हवे आहे. विमान देताना करार व्हावा, त्यात देखभालीची जबाबदारी एका पदाच्या नावाने असावी, आणि तिच्यासोबत एक नोंदवही परत सुरू व्हावी: तारीख, काय धुतले, कुठले छिद्र बुजले होते, कुणाची सही. सेवेतली नोंदवही जिथे मिटली तिथूनच पुढचे पान.

आपल्याला हे जमत नाही असे मुळीच नाही. फाळणीनंतर कानपूरला ब्रिटिशांनी मुद्दाम निकामी करून टाकलेल्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानांचा ढीग पडला होता. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या तेव्हाच्या कारखान्याने त्यातली चाळीसच्या आसपास विमाने जुळवून उडती केली. जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती एकेक करून कानपूरहून बंगळूरला नेली. पुढे ही विमाने पुण्यात सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये १९६८ पर्यंत समुद्रावर टेहळणी करत राहिली. जगात शिल्लक असलेल्या लिबरेटरांपैकी बरीच विमाने भारतीय हवाई दलाकडूनच बाहेर गेलेली आहेत. एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला भेट दिले गेले आणि तिथे ते निगुतीने राखले गेले. म्हणजे आपण जे जगवले ते दुसऱ्यांनी जपले. दिल्लीच्या पालमला हवाई दलाचे संग्रहालय १९६७ पासून आहे आणि तिथे टेम्पेस्ट जातीचे एक विमान आहे. परभणीसह सारा मराठवाडा ज्या राज्यात होता, त्या निजामाच्या राज्याविरुद्धच्या १९४८ च्या पोलीस कारवाईत हवाई दलाने टेम्पेस्ट विमाने वापरली होती. मुक्तिसंग्रामाच्या फलकांवर या विमानाचे नाव क्वचितच असते, पण पालमला ते बघता येते.

काय घ्यावे, काय नाकारावे

हे सर्व ध्यानात घेतल्यावर एखाद्या नगरपरिषदेने अर्ज करण्यापूर्वी स्वतःला विचारावा असा प्रश्न उरतो: छप्पर देता येईल का? देता येत असेल, पाया काळ्या मातीच्या हिशेबाने होत असेल आणि वर्षातून दोनदा तपासणीसाठी माणूस नेमता येत असेल, तर पूर्ण विमान जरूर मागावे. यांतले पहिलेच जमत नसेल तर पूर्ण विमान नाकारण्यात कमीपणा नाही.

त्याऐवजी विमानाचा पुढचा भाग मागता येतो. वैमानिकाची बैठक, तबकड्या, दांडा आणि वरचे पारदर्शक आवरण एवढाच तुकडा. ब्रिटनमध्ये अशा कॉकपिटांचे संग्रह करणाऱ्यांची स्वतंत्र परंपरा आहे; नेवार्कच्या संग्रहालयात त्यांचा मेळावाही भरतो. हा तुकडा ट्रॉलीवर येतो, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या एका खोलीत मावतो आणि त्याला पाऊस लागत नाही. विषारी तबकड्या आणि आसनाखालची नळकांडी आधीच काढलेली असतील तर मुले त्यात बसूही शकतात. चौकातल्या उंच विमानाकडे मूल खालून बघते आणि सायकल पुढे नेते. कॉकपिटमध्ये बसलेले मूल विचारते की ही तबकडी कशाची. त्यासोबत एखादे कापून उघडे केलेले इंजिन मिळाले तर बारावीच्या भौतिकशास्त्राचे एक प्रकरण हाताने शिकवता येईल.

मिगचे सांगाडे वाटण्याचे काम पुढची काही वर्षे चालेल. अर्ज करणाऱ्यांनी सोबत चबुतऱ्याचे चित्र जोडण्याऐवजी शेडचे माप, मातीच्या चाचणीचा अहवाल, धुण्याच्या पाण्यातल्या क्षारांची तपासणी आणि देखभालीच्या खर्चाचे शीर्ष जोडावे. आणि देणाऱ्यांनी हे चार कागद नसलेला अर्ज परत पाठवावा.